दुसरी खोबण

ग्रिम्सबी, फेब्रुवारी, रात्रीचा दीड.
मासळीबाजाराच्या मागच्या खोलीत
मी सर्व्हरचं झाकण उघडते.
आत एक प्रोसेसर, सहा वर्षं एकटाच राबणारा,
आणि शेजारी दुसरी खोबण,
काळ्या प्लास्टिकच्या टोपणाखाली,
आल्या दिवसापासून रिकामी.

"सातला लिलाव," कॉलिन ब्लँचर्ड म्हणतो,
जसं काही मला ते ठाऊकच नाही.
दोन महिने झाले, बोली लावणारे
पडद्यावरचं फिरतं चक्र बघत बसतात
आणि इकडे हॅडॉकखालच्या बर्फाचं पाणी होतं.
वरून निरोप आलाय: वेग वाढवा.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात: पैसे फार नाहीत.

म्हणून हा, लेस्टरच्या दुकानातला, वापरलेला.
नाव तेच, नंबर तोच, कोअर तेवढेच.
मी टोपण काढते, श्वास रोखते.
खोबणीत हजारो पिना उभ्या, केसाहून बारीक,
एक जरी वाकली तरी सगळं मुसळ केरात.
(कॉलिन खोकायला दाराबाहेर जातो.)

त्रिकोणावर त्रिकोण. खटका.
लेप, वाटाण्याएवढा.
मेमरीच्या निम्म्या पट्ट्या पलीकडे हलवल्या,
तिथल्या खाचा या दुसऱ्याच्या अखत्यारीतल्या,
तो जागा नसेल तर त्याही झोपलेल्या.

बटण.
पंखे किंचाळले, मग गप्प.
एक नारिंगी दिवा, पापणीही न हलवता.

उपड्या खोक्यावर बसून मी पुस्तिका वाचते.
पान एकशे बारा, तळटीप:
दोन्ही प्रोसेसर एकाच स्टेपिंगचे असावेत.
जुन्याच्या माथ्यावरचा वाळका लेप पुसला,
टॉर्च तिरका धरला,
आणि कोरलेल्या ओळीत
शेवटचं एक अक्षर निराळं.

"पण नंबर तर तोच ना?" कॉलिन.
'नाव सोनूबाई'ला इंग्रजीत काय म्हणतात
ते मला अकरा वर्षांत सापडलेलं नाही.
पत्रिका जुळण्याचा विनोदही आला होता ओठांवर.
गिळला.

मग बाबा आठवले, इचलकरंजीच्या रंगखात्यातले,
दोन ठाण खिडकीशी नेऊन
उजेडात शेजारी धरणारे:
"शेड नंबर एक असला म्हणून काय झालं?
लॉट बघ, लॉट. शिवल्यावर शिवण चुगली करते."

लॉट वेगळा आहे, कॉलिन, मी म्हटलं.

तो थबकला.
मग डावा हात टॉर्चखाली धरला.
निळा स्वेटर, कोपरापर्यंत एक निळा,
तिथून मनगटापर्यंत जरासा दुसरा.
"ऑड्रीची लोकर मधेच संपली.
मी तोच नंबर आणला होता."
एवढंच बोलला. हात खाली घेतला.

लोकर चालवून घेते.
साडेतीनला मी नवा काढला, फर्मवेअर चढवलं,
पुन्हा बसवला, कुठल्याशा देवाचं नावही घेतलं.
नारिंगी.

पाचला हार मानली.
पट्ट्या पुन्हा अलीकडे. टोपण सापडेना,
टेबलाखाली शोधलं, खोक्यात शोधलं,
कॉलिनच्या खिशात निघालं.
हिरवा दिवा.
जुना आपला निघाला, एकटा, त्याच्याच चालीने.

पिशवीवर मार्करने लिहिलं: परत, लॉट जुळत नाही.
मराठीत लिहिलंय हे उशिरा लक्षात आलं.
खोडलं, पुन्हा लिहिलं.

बाहेर ट्रॉल्यांचा खडखडाट,
ओल्या फरशीवर बुटांचे आवाज, कुणाची तरी शिट्टी.
सातला घंटा. पडद्यावर पहिली बोली,
आणि चक्र
फिरू लागलं.

"बर्फ जास्त टाका," कॉलिन फोनवर
कुणाला तरी सांगत होता.