बेचाळीस

आधी साबणानं अंग धुवायचं, बुटक्या स्टुलावर बसून,
मग पाण्यात उतरायचं.
हे सांगितलं तर अप्पा म्हणाले,
‘स्वच्छ झाल्यावर परत पाण्यात कशाला?’

कशाला ते मलाही तिथं तिसऱ्या खेपेला कळलं.
डोंगरात बर्फ पडत होतं, गंधकाचा वास,
डोक्यावर ओल्या रुमालाची घडी,
शेजारी एक म्हातारा.
त्याला माझी भाषा नको होती, मला त्याची.

येळ्ळुरात गंधक नाही.
गुऱ्हाळ मोडल्यापासून परसात उपडी पडलेली काहील आहे.
तीन दिवस घासली,
तरी पहिल्या पाण्याला गुळाचा वास.
तळाला फणसाची फळी, खाली उसाची चिपाडं.

जाळ ओढून घेतला तसं अप्पांनी कोपर बुडवलं.
शट्टुप्पा मोल्डर, उद्यमबागेत बत्तीस वर्षं,
रंगावरून लोखंड ओळखणारा.
‘बेचाळीस,’ म्हणाले.
मी थर्मामीटर खिशातच ठेवला.

कुंपणापलीकडून बसव्वानं कानडीत विचारलं,
काय शिजवतोस?
‘नन्न!’ अप्पा म्हणाले. मलाच.

आधी गुडघे गेले आत, मग कंबर,
मग हातावरचे ठिणग्यांचे जुने डाग.
‘आता काय करूचं?’
‘काही नाही.’
‘काहीच नाही?’

बऱ्याच वेळानं, डोळे मिटूनच:
‘चौदाशे डिग्रीसमोर रोज उभारलो की रे.
बेचाळिसात बस म्हणून
कोण बोललं नाही.’

त्या रात्री बामची बाटली फळीवरच राहिली.

सकाळी काहिलीखालची राख अजून कोमट,
आणि दारात बसव्वा,
डोक्यावर आपल्या सरपणाची मोळी.