डाव्या हाताची तर्जनी

पहाटे साडेपाचला मशीनची तालीम.
पन्नास खोटी मतं टाकली, मोजली, पुसली.
एजंटांनी जांभया देत सह्या केल्या
आणि तळवडेकर मास्तरांनी दार उघडलं
दुसरी ब-च्या वर्गाचं,
भिंतीवर ससा, शहामृग, षटकोन.

मी पाणीखात्यातली कारकून.
आज माझ्याकडे शाई.

माझगाव एवढं गप्प कधी नसतं.
वखारींची शटरं खाली, दारूच्या दुकानाला सील,
भोंगे परवाच थकले.
दोनशे मीटरवर टेबलं मांडून बसलेत
कालपर्यंत एकमेकांचे फलक फाडणारे;
एकाच किटलीतला चहा पितात,
चिठ्ठ्या लिहून देतात.
फाटकाशी चुन्याची रेघ.
रेघेच्या आत कुणीच कुणाचं नाही.

चेहरे बघायला वेळ नसतो.
मी बोटं बघते.
पिठाचं, ग्रीसचं,
कोळणीच्या बोटावर एक खवला चमकत होता,
तो कापडाने टिपून घेतला.
रंगारी इस्माईलचं आधीच निळं.
'लावू कुठे?'
'नखावर लावा ताई, नख तेवढं गोरं राहिलंय.'
शिर्सेकरांचं बोट लेथने नेलेलं,
त्यांनी शेजारचं पुढे केलं
ओशाळून, उसनं मागून आणल्यासारखं.
एक अठराची पोर, बीप ऐकून थबकली:
'झालं? एवढंच?'
एवढंच.

बस्त्याव डिमेलो, जहाजावर इंजिनांना तेल घालण्यात जन्म गेलेला,
बोट पुढे करून म्हणाले,
'किंग्स्टनच्या धक्क्यावर होतो एकदा, असाच मतदानाचा दिवस.
तिथे बोट बुडवतात, बाई, दौतीत,
काकवीत बुडवावं तसं.
तुम्ही नुसती रेघ ओढता. कंजूष.'
रांग हसली.
'आणि दारू?' मागून कुणीतरी.
'तिथेही बंद.'
दिवसातलं पहिलं एकमत.

तीनला पंखा गेला.
त्याच वेळी अनसूया गोरिवले आल्या.
मास्तरांनी पुकारलं, अनुक्रमांक चारशे तेरा.
त्या यादीवर वाकल्या.
'चारशे बारा दाखवा ना.'
चारशे बारा : सोनू बाबाजी गोरिवले, वय एकाहत्तर,
टपाल तिकिटाएवढा फोटो, पावडर थापल्यासारखा.
'दोन वर्षं झाली,' त्या म्हणाल्या.
एजंटाने पेनाचं टोपण काढलं, आपल्या प्रतीवर 'मयत' लिहायला.
'राहू दे की. त्यांच्या नावावर मी काही टाकायची नाही.
रेशनकार्डावरून गेले, लाइटबिलावरून गेले,
इथे अजून माझ्या वरच्या ओळीत आहेत.'
पेन तसंच उघडं राहिलं.
रांगेत कुणी चुळबुळलं नाही.
मी त्यांचं बोट धरलं जरा जास्त वेळ,
नियमात बसेल इतकाच.

सहाला फाटक लागलं.
मग लाख, मेणबत्ती, सुतळी, नमुना सतरा-क,
आणि आकडा जुळेना.
सह्या सहाशे एकतीस.
मतं सहाशे तीस.
बिरादार म्हणतात, प्रत्येकाला बीप झाला.
मास्तर म्हणतात, गर्दीत एकदा नसेल झाला.
म्हणजे कुणीतरी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलं,
उभं राहिलं,
आणि तसंच परत आलं.
शहामृगाखाली बसून आम्ही तिघं
सकाळपासूनची सगळी माणसं आठवत राहिलो.
नाव कुणाचंच घेतलं नाही कुणी.

रात्री दीडला मशीन जमा केलं.
माझं मत आधीच टपालाने गेलेलं,
त्यामुळे डावी तर्जनी कोरी.
उजव्या अंगठ्यावर मात्र सांडलेली शाई,
सकाळी जांभळी होती, आता काळी पडत चाललेली.
सोसायटीचा वॉचमन टॉर्च मारतो:
'काय मॅडम, मत नाही दिलं?'
मी उजवा हात दाखवते.
'हा नाही चालत,' तो म्हणतो,
आणि फाटक उघडतो.