टोकाची दोरी

खैरनारचा फोन आला तेव्हा चार वाजून दहा.
"उठलात?" झोपलं कोण होतं?
बॅटऱ्या मी रात्रभर पांघरुणात घेतल्या होत्या,
थंडीत त्याही माणसांसारख्याच मान टाकतात.

रविवार कारंजा रिकामा.
गंगापूर रोडला त्याच्या स्कूटरचा दिवा
धुक्याला भोक पाडत चालला.
सोमेश्वरनंतर गारठा गुडघ्यांतून आत शिरला
आणि बोलणं बंद झालं.
द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या,
घडांना थंडी बाधू नये म्हणून कुणी जागं होतं.
धूर सरळ वर.
"वारा नाही," खैरनार म्हणाला, "आज उडणार."
मागचे दोन रविवार हेच म्हणाला होता.

धरणाच्या अलीकडे, माळावर, कापड पसरलेलं:
मोरपंखी, नारिंगी पट्टे, एका जागी ठिगळ.
एवढं मोठं, आणि चुरगळलेलं,
टेम्पोतून उतरवलेल्या मांडवासारखं.
पायलट विल्सन साळवे, शरणपूरचा,
कानटोपीवर टॉर्च बांधलेला.
त्यानं खिशातून वाढदिवसाला असतो तसला एक फुगा काढला,
काळा. भरला, सोडला,
आणि तो दिसेनासा होईस्तोवर मान वर करून
देवाशी नाही, पण कुणाशी तरी
आकडे बोलत राहिला.

मी जागा हेरली. ट्रायपॉड रोवला.
सूर्य कुठून येईल, ज्वाळा कुठं दिसेल,
पाण्यात उलटं काय पडेल, सगळं मोजलं.
सतरा वर्षं मी पांढऱ्या पडद्यापुढं माणसं बसवते.
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
आज कुणाला काही सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात साळवे ओरडला,
"ताई, एक माणूस कमी पडतोय. टोकाची दोरी धरता?"

दोरी फुग्याच्या डोक्याला बांधलेली, लांबलचक.
"एकदम सोडायची नाही. तो उठेल तसं
मागं रेलून, ओढ ठेवत, पुढं चालत या."

पंखा सुरू झाला. कापड कुशीवर वळलं.
मग ज्वाळेचा आवाज, कानात नाही, छातीत.
वस्तीवरची कुत्री गप्प.
फुगा उठू लागला
लांबच्या दुखण्यातून उठावं तसा,
आधी एक खांदा, मग पुन्हा आडवा, मग दोन्ही.
आणि मी टाचा रोवून
एकेक पाऊल हरत गेले.

तेव्हाच सूर्य आला.
कापडातून आरपार. ठिगळ तेवढं गडद.
आत ज्वाळा, बाहेर उजेड,
मधल्या पातळ मोरपंखी भिंतीवर
कुणा एका पाखराची सावली सरकत गेली.
तो फोटो होता.
मी हेरलेल्या जागेवरून नव्हे,
इथून, दोरीच्या या टोकावरून.
कॅमेरा तिकडं तीन पायांवर उभा,
डोळ्यावर झाकण.

"सोडा!"
तळहातातून ती सर्रकन गेली.
टोपलीतलं जोडपं हात हलवत होतं
आपापल्या मोबाईलला.

मी पोचेपर्यंत फुगा अंजनेरीच्या अंगाला,
डोंगराच्या खांद्यावर बसलेल्या माशीएवढा.
काढले सहा-सात. ठीक आले.

खैरनारचे दोनशे बारा.
दुपारी दुकानात तो एकेक पुढं सरकवत होता.
एकात, खालच्या कोपऱ्यात, मी:
डोकं कापलेलं, एक कोपर, शालीचं टोक,
आणि तिरकी वर गेलेली दोरी.
"हा कोपरा उडवतो. फ्रेम स्वच्छ होईल."

पडद्यापुढं एक मुलगा बसला होता,
पासपोर्टचे आठ, अर्जंट.
मी त्याची मान सरळ केली.
"हाताला काय लागलं, मॅडम?"
"हसू नका," मी सवयीनं म्हटलं,
तो हसत नव्हता तरी,
आणि आतल्या खोलीकडं ओरडले,
उडवू नकोस रे. राहू दे.