खडूची होडी

उद्यमनगरात, शेडच्या फरशीवर,
रविवारी मशीन बंद असताना
मी खडूनं होडी काढली. एकास एक माप.
लांबी अठरा फूट, रुंदी साडेसहा,
नाळेकडं निमुळती, मागं चौकोनी.
ड्रिल मशीनचा एक पाय तिच्यात आला.
तीच डोलकाठी समजायची, असं ठरलं.

त्रिशला डबा घेऊन आली.
रेघेपाशी थांबली,
चपला काढल्या, मग आत पाय टाकला.

"झोपायचं कुठं?"
डाव्या अंगाला तू, उजव्या अंगाला मी.
"आणि मधे हे काय?"
मधे पठाणाची पेटी.
बिडाचं पातं, एकशे साठ किलो,
तिच्यातनं वर-खाली होणार.
"म्हणजे भिंत."
गुडघ्याएवढीच गं.

दुसरी एक होडी आहे, तिला भिंत नाही.
पठाण कायमचा खाली, तळाला बोल्ट मारून.
आत ऐसपैस. वाऱ्यात ताठ उभी राहते म्हणतात.
पण ट्रॉलीवर चढली की आमच्या गल्लीच्या कमानीला लागते,
पाण्यात सोडायला क्रेन,
आणि कळे, साळवण, उसाच्या गाड्यांमागनं
गगनबावडा गाठला तरी
करूळ घाटाच्या तिसऱ्या वळणावर
माझी बोलेरो तिला घेऊन वळताना
मला स्वप्नातसुद्धा दिसत नाही.

विजयदुर्गला लवू मेस्तला विचारलं होतं.
तासणी खाली न ठेवता तो म्हणाला,
"पठाण वर ओढूचो? मगे वाऱ्याक काय सांगतलास,
वाईच थांब म्हणान?"
मग खाडीकडं बघत, बऱ्याच वेळानं,
"ओहोटीक चिखलार बसतली मात्र. सरळ बसतली."

गल्लीत बातमी पसरली.
किणीकरांचा बापूसो म्हणाला,
रस्त्यावर नाव आणि तळ्यात बोलेरो, हाय काय मग!
सगळे हसले.
हौसाक्का तेवढ्या हसल्या नाहीत.
त्या पुरात तीन रात्री त्यांनी माळ्यावर काढल्यात.
"आणू द्या की," म्हणाल्या. "लागतीया."

चाळीस वर्षं मी पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, पुली, गिअरची पेटी,
आधी सागवानात, मग बिडात.
थंड होताना बीड शंभराला एक आकसतं,
म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवायचं.
हे हाताला पाठ आहे.
पण साठीनंतरच्या माणसाची सूट किती धरायची,
ते कुठल्या फूटपट्टीवर नसतं.

पातं वर घ्यायला विंचचे बेचाळीस फेरे.
माझा उजवा खांदा पंधराव्याला बोलायला लागेल.
"ऱ्हायलेले मी फिरवीन," ती म्हणाली,
भाकरी मोडून, झुणका वाढून,
डबा नेमका पेटीच्या चौकोनावर ठेवत.
"टेबल झालं बघा."

मग आम्ही जेवलो. ती डाव्या अंगाला, मी उजव्या.
रविवारची लाइट गेली होती.
पत्र्यावर कावळा चालत होता,
त्याचा आवाज खालनं
वरनं कुणी चालल्यासारखा येत होता.

सोमवारी पोरांनी झाडू मारला.
नाळ गेली, सुकाणू गेलं,
लेथजवळची एक बाजू फुपाट्यात मिसळली.
मधला चौकोन तेवढा राहिला.
तिथं ठेच्याचं तेल सांडलं होतं,
खडू त्यात मुरला होता.

मी फोन लावला.
वर ओढायची ती द्या, म्हटलं.
रंग कुठला, त्यानं विचारलं.
थांबा, म्हटलं, घरात विचारतो.