रेघांना एकक नसतं

नेत्रिकेतल्या शंभर रेघांना
स्वतःचं असं माप नसतं.
रोज सकाळी, आणि भिंग बदललं की पुन्हा,
त्यांना काचपट्टीवरच्या खऱ्या मिलिमीटरशेजारी उभं करायचं,
शून्याला शून्य लावून,
आणि बघायचं, गाठ कुठे पडते.
चाळीसच्या भिंगाखाली एक रेघ म्हणजे अडीच मायक्रॉन.
हे मला लाइनेने शिकवलं,
खुर्चीमागे उभं राहून, ओल्या लोकरीच्या वासासकट,
तार्तूतल्या याच खोलीत,
जिथे रेडिएटर एप्रिलपर्यंत खोकत राहतो.

"काठ कुठे संपतो ते आधी ठरव," म्हणायची.
स्क्रू जरासा फिरवला
की परागकणाभोवतीची उजेडाची कड आत सरकते,
उलटा फिरवला की बाहेर.
कण जागचा हललेला नसतो.
"ठरव. आणि मग संध्याकाळपर्यंत शब्द फिरवू नकोस."

आम्ही दलदलीचा गाळ वाचतो.
पाच मीटर खाली, काळ्या लोण्यासारखा,
त्यात भूर्ज, पाइन, हेझल, आणि गवत.
गवताचा कण चाळीस मायक्रॉनच्या आत असला तर रानचा.
वर गेला, तर बहुतेक जव,
आणि जव म्हणजे कुणीतरी इथे झाडं तोडली,
जमीन उकरली, हिवाळाभर दाणे राखले, खाल्ले नाहीत.
जुनी माणसं जवाच्या दाण्याने लांबी मोजत.
आम्ही जवालाच मोजतोय,
तेही त्याच्या धुळीला.

काल कारेलने लाइनेची जुनी काच काढली,
एकोणीसशे अडुसष्टची, ग्लिसरीनच्या जेलीत बसवलेली,
कडेचं लाखेचं सील तडकलेलं.
वहीत तिच्या बारीक अक्षरात: गवत, पंधरा रेघा.
कारेलने मोजलं: सतरा.
मी मोजलं: सतरा.
सतरा म्हणजे साडेबेचाळीस. म्हणजे जव.
म्हणजे या दलदलीकाठचं पहिलं शेत
आठशे वर्षं मागे.
कारेल खिडकीपाशी गेला, परत आला,
मनातल्या मनात त्याचा प्रबंध लिहून झाला होता.
"म्हातारीच्या मापात पाप," हसत म्हणाला.

मी काही बोलले नाही. त्याच काचेवर
हेझल शोधला. त्याला शोधायला वेळ लागत नाही,
तीन कोपऱ्यांचा, मालकाच्या ओळखीच्या कुत्र्यासारखा समोर येतो.
वहीत: साडेनऊ.
आज: अकरा.
आणखी एक. अकरा.
आणखी दहा मोजले, कारेलची कॉफी गार होईपर्यंत.

जेली पाणी पीत राहते.
पन्नास वर्षं कपाटाच्या अंधारात
कण फुगत गेले, सगळे, भावकीसारखे,
जव नसलेलं गवतही, त्याच्याशेजारचा हेझलही,
आणि वहीतला आकडा तेवढा
कोरडा राहिला.

कारेलने गार कॉफीच पिऊन टाकली.
आठशे वर्षं त्याने टेबलावरून
ब्रेडच्या चुऱ्यासारखी हाताने गोळा केली,
कुठे टाकावीत ते कळेना.

रात्री लाइनेला फोन केला.
नव्वदीला टेकलीय, व्होरूमध्ये बहिणीकडे असते,
ऐकू येतं, फक्त उशिरा.
सांगितलं: तुझे पंधरा बरोबर होते.
पलीकडे रेडिओवर हवामान चाललं होतं.
मग म्हणाली,
"पंधरा नव्हते. साडेपंधराच्या आसपास होते.
सहाची बस होती, आईला ताप होता,
आणि अर्ध्या रेघेसाठी पुन्हा दिवा लावायचा
कंटाळा आला."

साडेपंधरा म्हणजे अडतीस आणि पाऊण.
तरी चाळीसच्या आतच.
कुणाचं शेत हललं नाही, कुणाचं गाव सरकलं नाही.
तरी मी आज लवकर आले,
रेघा लावून घेतल्या, शून्याला शून्य,
तिच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं:
"साडेपंधरा. लाइनेने फोनवर सांगितलं."
खाली भिंग, माध्यम, तारीख.
आणि कंसात, कारण कुठेतरी लिहायलाच हवं होतं,
(आईला ताप.)