डबी क्रमांक एकोणीस

बेडगच्या डब्या सकाळी येतात, थर्माकोलच्या पेटीतून,
माणसांना निळी चिठ्ठी, जनावरांना पिवळी.
आत काय असतं ते घरी विचारू नये.
सासूबाईंना मी सांगते, तपासणीचं सामान.

सात : पद्मावती आण्णासो चौगुले, वय बासष्ट.
आठ : नातू सन्मती, वय चार.
नऊ : म्हैस. नावाला रकाना नव्हता,
तरी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, काजळी.
दहा : काजळीचं रेडकू.

पहिल्या दिवशी ताटलीवर काही नसतं.
दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपके,
कुणी मेंदीचा कोन घेऊन बसावं तसे नेटके.
त्यातला एक उचलून नव्या ताटलीवर सारवायचा,
वर औषधाच्या चकत्या मांडायच्या,
शर्टाच्या बटणाहून लहान,
आणि मिरजेतल्या एका रात्रीवर सोडून द्यायचं.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती
चंद्राला पडतं तसं खळं पडतं.

सातला खळं नव्हतं.
आठला नव्हतं.
नऊ आणि दहाच्या ताटल्या शेजारी ठेवल्या
तर चिठ्ठ्या काढल्यावर मला ओळखता येईना
आजी कुठली, म्हैस कुठली.

मग मी बेडगला गेले, वही घेऊन.
त्या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात,
गाळणीतले जीव परत विहिरीत सोडतात
अलगद, बादली खाली टेकल्यावर.
आक्कानं गोठा दाखवला. म्हणाली,
"भाद्रपदात हिला दगडी झाली. चारी सडं धोंड्यागत.
गाडीवरनं एक जण यायचा सुई टोचायला.
पाच दिवस म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी कास मऊ पडली,
मग कशाला बोलावतोय?
राहिलेल्या दोन बाटल्या काड्याच्या पेटीजवळ ठेवल्यात.
अडीनडीला."

आणि दूध?
"डेअरीला एक थेंब घातला न्हाई, बाई.
लोकांच्या पोटात कशाला औषध?
रेडकाला पाजलं. उरलं ते पोराला, उकळून.
दूध टाकवत न्हाई ओ हातानं."

वहीत याला रकाना नव्हता.
मी पेन बंद केलं.

आमच्या मॅडम शिकवतात तेव्हा फळ्यावर दोन गोल काढतात,
मधे एक बारीक पूल.
मला तो पूल कधी दिसत नाही.
मला दिसते परड्यातली भिंत, भिंतीवरून पुढं आलेली वाटी :
चमचाभर विरजण आहे का?
म्हशीतला एक जंतू वाटी धरतो,
माणसातला घेतो, नाव-गाव न विचारता,
आणि औषधाला न जुमानण्याची ती आंबट युक्ती
सकाळपर्यंत घट्ट लागते.

तुलनेला म्हणून स्टाफच्याही डब्या घेतल्या.
एकोणीस माझी.
मी पिशवीचं दूध घेते. गोठा लहानपणीच सुटला.
सुई सहा वर्षांत एकदा, बाळंतपणात.
सहा चकत्या. खळं एकीलाच,
तेही ज्वारीच्या दाण्याएवढं.
मला काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही.
तो आत नुसता बसून आहे,
कट्ट्यावर बसावं तसा.

परवा आक्का आली रिपोर्टला,
दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं म्हणून घाईत.
कागद उलटा धरून म्हणाली,
"सगळीकडं आरच लिवलंय. आर म्हंजे आराम?"
मी समजावलं. बाटल्यांचं सांगितलं, पाच दिवसांचं सांगितलं.
दुधाचं सांगताना माझा आवाज लहान झाला.
"मग ओतायचं कुठं?" तिनं विचारलं.
"ओढ्याला? ओढ्याला न्हाई का पोट?"

जाताना तिनं पिशवीतून डबा काढला. दही.
पांढऱ्या झाकणाचा.

रात्री दूध कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिलं,
आक्काच्या दह्यातलं चमचाभर लावलं, ताटली झाकली.
हात धुतले.
परत धुतले.
दिवा घालवला तरी थोडा वेळ
ओट्याजवळच उभी होते,
काही ऐकू येतं का बघत.