शिंक

सव्वा महिना झाला, शेगडी विझली,
बाज पुन्हा माळ्यावर गेली.
सासू म्हणाली, सुटलीस बाई.

त्याला आता दीड वर्ष झालं.
पोर उंबऱ्यावरून उड्या मारते.
मी निपाणीच्या वखारीत बसते,
तंबाखूची धूळ नाकात गेली
की पायावर पाय घट्ट आवळते.
तरी शिंक येतेच. साडी ओली होते.
सूप मांडीवर ओढून घेते,
काडीकचरा निवडल्यासारखं करते.

दवाखान्याचं कार्ड कानडीत आहे.
गल्लीतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं:
टाके सुकले. वजन ठीक.
खाली दोन रकाने, कोरे.

रात्री पोर रडली की
पान्ह्याच्या आधी मला राग फुटायचा.
शेपूच्या वासानं अजून पोटात ढवळतं.
हे कुठल्या रकान्यात लिहितात,
मास्तरांना कसं विचारायचं?

काल निंगव्वा शिंकली.
सहा बाळंतपणं, नातवंडं शाळेत.
तिनंही सूप ओढलं.
मी बघितलं ते तिनं बघितलं.
"नंगू हंगऽ आक्कैति," म्हणाली.
मलाही तसंच होतं.
मास्तर लागले नाहीत.

मग आम्ही इतक्या हसलो
की दोघींनाही उठून मागं पळावं लागलं,
आणि मुकादम विचारत राहिला,
काय झालं, काय झालं.